सावलीचं ऋण : चार खंडांच्या मालिकेसाठी सृष्टिकथा रचताना

अद्भुतकथांच्या मालिकेसाठी सृष्टीच्या उत्पत्तीची कथा रचायची म्हटलं की हात आपसूक "आरंभी काहीच नव्हतं" या वाक्याकडे जातो. आम्ही सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली. आमच्या जगातली माणसं आज कशावरून भांडतात, कुणाच्या घरचं पाणी कोण पीत नाही, कोणत्या दिवशी चूल पेटत नाही, हे आधी ठरवलं. मग त्या रिवाजांना पुरेल एवढीच उत्पत्तीची कथा मागे मागे जात विणली. पृथ्वी कशी झाली हा प्रश्न सृष्टिकथेत असतोच, पण जमीन कुणाची, मुलगी कुठं द्यायची, मेलेल्याला कुठं ठेवायचं, हे प्रश्न सांगणाऱ्याला जास्त निकडीचे असतात. कथा सांगितली जाते ती त्यांच्यासाठी.

नागपुरात हे काम करताना याचे दाखले दाराशीच मिळतात. गोंडांची पारी कुपार लिंगोची कथा स्टीफन हिस्लॉप यांनी इथंच राहून टिपून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1866 साली ती छापली गेली. गुहेत कोंडलेल्यांची लिंगो सुटका करतो आणि पुढे त्यांचे सगे, म्हणजे कुळांचे गट, पाडतो: चार देवांचे, पाच देवांचे, सहांचे, सातांचे. एकाच सग्यात सोयरीक होत नाही. म्हणजे कथेचा कणा लग्नाचा नियम आहे. दरवर्षी माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेकडे लोक जातात, तेव्हा ती कथा आजही त्यांच्या पायांखाली जिवंत असते. ती कुणाची तरी श्रद्धा आहे, म्हणून तिच्यातलं एकही नाव, एकही प्रसंग आम्ही उचलला नाही. कथा समाजात काम कसं करते, तेवढंच शिकून घेतलं.

दुसरा दाखला मारबतीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा "घेऊन जा गे मारबत" ही आरोळी लहानथोर सगळ्यांच्या तोंडी असते. काळ्या मारबतीचं मूळ विचारलं तर कुणी पूतना मावशी सांगतं, कुणी भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईकडे बोट दाखवतं. आरोळी एक आणि उगम दोन, तरी मिरवणुकीत कुणाचं काही अडत नाही. यातून आम्ही नियमच करून घेतला की आमच्या जगात रिवाज एकच असेल आणि त्याच्या कथा किमान तीन असतील. सगळी प्रजा एकच उत्पत्तिकथा एकाच शब्दांत सांगते अशी मालिका पहिल्या पन्नास पानांतच निर्जीव वाटू लागते, कारण तिथं वाद घालायला जागाच उरत नाही.

आता खुद्द कथेबद्दल. परदेशी अद्भुतकथा वाचून एक सवय नकळत लागते: वाईट म्हणजे अंधार आणि गारठा, चांगलं म्हणजे प्रकाश. जिथं मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि खिशात कांदा ठेवून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून बाहेर निघायची रीत आहे, तिथल्या माणसाच्या अंगाला हे पटत नाही. इथं जीव वाचवते ती सावली. म्हणून आमच्या सृष्टीच्या आरंभी अंधार ठेवला नाही, ऊन ठेवलं.

कथा थोडक्यात अशी. आधी नुसतं ऊन होतं आणि ते सावकाराचं होतं. थोरली नावाची घार त्यात पंख पसरून घिरट्या घालू लागली. तिच्या सावलीत पहिली ओल टिकली, ओलीनं माती धरली, मातीनं बी धरलं. पण ही सावली सावकाराच्या उन्हातून कापून घेतलेली, म्हणजे उसनी. दरवर्षी नऊ दिवस तो वसुलीला येतो आणि त्यांतल्या एका दुपारी प्रत्येक गावाची सावली जप्त होते.

ही जप्ती मनानं रचलेली नाही. नागपूर 21 अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य इथं अगदी डोक्यावर येतो. पहिल्यांदा 26 मेच्या आसपास, दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास. तेव्हा उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडाखालीच जाते. दुसऱ्यांदा जुलैच्या मध्यानंतर, पण तेव्हा बहुधा आभाळ असतं. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो 25 मेच्या सुमारास आणि तिथून नऊ दिवस नवतपा. म्हणजे सावली नाहीशी होते ती नेमकी नवतप्यात. वर्षातले सगळ्यांत तापलेले दिवस आणि सावली गायब होण्याची दुपार हातात हात घालून येत असतील, तर कथेला वेगळा चमत्कार कशाला हवा?

या घटनेतून नकाशाही निघाला. शून्य सावलीची रेषा त्या दिवसांत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. 25 मे ते 2 जून या काळात ती साधारण 130 किलोमीटर वर चढते, सुरुवातीला दिवसाला सुमारे 19 किलोमीटर आणि पुढे जरा सावकाश. आम्ही आमच्या मुलखाची दक्षिणोत्तर लांबी तेवढीच धरली. मग पहिल्या दिवशी दक्षिणेच्या तलावांवरची सावली जाते आणि नवव्या दिवशी उत्तरेच्या किल्ल्यावरची. किल्लेदारांना आठ दिवस आधी खबर असते, तलाववाल्यांना एका दिवसाचीही सवड नसते. दोन्ही प्रदेशांतलं वैर यातूनच उभं राहिलं, ते वेगळं रचावं लागलं नाही.

रिवाज असा ठरला: त्या नऊ दिवसांत कुणीही कुणाला सावली नाकारायची नाही, वैऱ्यालाही नाही. सगळीच सावली उसनी असेल, तर वसुलीच्या काळात "ही माझी" असं कोण म्हणणार? पहिल्या खंडातला खून एका चिंचेखाली, याच दिवसांत, आसरा मागून आलेल्या माणसाचा होतो. वाचकाला तोवर थोरली ठाऊक नसते, सावकार ठाऊक नसतो. गाव त्या झाडाकडे पाठ करून का उभं राहतं, एवढंच त्याला दिसतं.

कथेचा साचा तयार झाला की तिला अडचणीत आणायचं. यासाठी आम्ही तीन प्रश्न कायमचे ठेवले: रात्र कुठून आली, पाऊस का पडतो, मेलेले कुठं जातात. यांपैकी एकाचं जरी उत्तर कथेच्या पोटातून निघालं नाही, तर तिसऱ्या-चौथ्या खंडात एखादा नवाच देव आणून ठिगळ लावावं लागतं. अशी ठिगळं वाढत गेली की पाण्याचा देव, युद्धाचा देव, वाऱ्याचा देव असं मंत्रिमंडळाच्या खातेवाटपासारखं दैवतमंडळ तयार होतं. त्यातल्या कुणाचंच कुणाशी देणंघेणं नसतं.

रात्रीचा प्रश्न सुटायला सोपा गेला. घार घिरट्या घालते, तिची सावली फिरती, ती आपल्यावर आली की रात्र. पण लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: रात्र हीच थोरलीची सावली असेल, तर वसुलीच्या नऊ दिवसांत रात्र होते तरी कशी? उत्तर रिवाजात मिळालं. त्या नऊ रात्री कुणी छपराखाली झोपत नाही. छप्पर ही माणसानं केलेली सावली आणि रात्र ही थोरलीची. वसुली चालू असताना दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत. उन्हाळ्यात गच्चीवर, अंगणात बाजा टाकून झोपणाऱ्या वाचकाला हे नियम म्हणून सांगावंही लागत नाही.

पाऊस जास्त अवघड. ढगांची सावली चार महिने पडते, मग तिचं ऋण कुठं जातं? ही फट सुरुवातीला दिसत नाही आणि नेमकी तीच चिकित्सक वाचक आधी पकडतो. इथं तिन्ही समाजांना वेगवेगळी उत्तरं दिली. किल्ल्यावरचे म्हणतात, ढग ही सावकाराचीच सावली, त्याच्या घरची, तिच्यावर व्याज नाही. तलाववाले म्हणतात, ढग म्हणजे थोरलीचा घाम. खाणीवरचे या प्रश्नाचं उत्तरच देत नाहीत, आणि ते का देत नाहीत हे चौथ्या खंडात कळतं. मेलेल्यांचं उत्तर सगळ्यांचं एकच: ज्याची सावली त्याला परत. म्हणून अंत्यविधी भर दुपारी, सावली सर्वांत आखूड असताना. रात्री मेलेला माणूस दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत घरात ठेवावाच लागतो आणि रहस्यकथेच्या अंगानं हे बारा तास फार कामाचे ठरतात.

तीन समाज आले ते खडकांतून. नागपूर दख्खनच्या लाव्ह्याच्या पूर्व कडेवर वसलंय. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीची. टाकळीकडे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळ्याच्या गाळाचा पट्टा आहे आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख दगड होऊन बसलेले आहेत. एक लाव्हा थंडावला, तळं साचलं, त्यात जीव वाढले, मग दुसरा लाव्हा आला. मनसर-रामटेककडे याहून कितीतरी जुने खडक आणि मँगनीज, तर कामठी-उमरेडच्या पोटात 25 कोटी वर्षांहून जुना दगडी कोळसा.

काळकोटच्या किल्लेदारांची कथा काळ्या कातळाची झाली: थोरली जळून पडली, तिची पिसं म्हणजे आमचा दगड, म्हणून तिचे वारस आम्ही. ती मेली असल्याशिवाय वारसाहक्क लागत नाही, तेव्हा तिला मारणं त्यांना भागच होतं. तळकरी, म्हणजे तलाववाले, म्हणतात ती अजून उडते आहे, आणि जिवंत माणसाची इस्टेट कुणी वाटून घेत नाही. खाणकऱ्यांच्या मते जळणारा दगड खणून काढणं हेच खरं देणं फेडणं. प्रत्येक कथेत सांगणाऱ्याचा फायदा कुठं आहे, हे आम्ही समासात लाल शाईनं लिहून ठेवतो. फायदा सापडत नसेल तर ती कथा अजून कच्ची आहे असं धरतो.

शंखांचा उपयोग दुसऱ्या खंडात होतो. किल्ल्यातली विहीर खोल करताना काळ्या दगडाच्या दोन थरांमधून मातकट पट्टा निघतो आणि त्यात नखाएवढे शंख. थोरली एका रात्रीत जळून पडली असेल, तर तिच्या पिसांच्या मधोमध तळं कसं? विहिरीवरचा गवंडी ते शंख मुठीत धरतो, काही न बोलता शेल्याच्या पदरात बांधतो. किल्ल्याचा अख्खा वारसाहक्क त्या गाठीत आलेला असतो. पुराणकथा आणि जमीन यांची अशी गाठ एकदा बसली की कथानकाला बाहेरून ढकलावं लागत नाही.

या तिन्ही कथांच्या मागे खरं काय घडलं, ते एका स्वतंत्र कागदावर लिहायचं. आम्ही त्याला मूळ पान म्हणतो. मर्यादा तीनशे शब्दांची. त्याहून जास्त लिहिलं की लेखकालाच ते सगळं वाचकाला सांगायचा मोह होतो. मूळ पानावरचं एवढंच उघड करते: थोरलीनं पंख पसरले ते कुणाला सावली द्यायला नव्हे, ती सावकाराचं अंडं पायांत धरून पळत होती. सावली पडली ती ओघात. अंडं जमिनीत पुरलंय आणि खाणकरी त्याचेच तुकडे जाळत आहेत. दगडी कोळसा हे अतिप्राचीन वनस्पतींनी साठवलेलं ऊनच असतं, त्यामुळे हे रहस्य उलगडतं तेव्हा वाचकाच्या भूगोलाशीही जुळतं. पण ती पळाली का, हे मूळ पानावरही नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त सात ऋचांत सृष्टीची उत्पत्ती मांडतं आणि शेवटी म्हणतं, जो वर बसून पाहतो त्यालाच ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. एवढी मोकळी जागा कुठल्याही सृष्टिकथेत राहू द्यावी. सगळंच स्पष्ट झालं की त्या जगातल्या माणसांना श्रद्धा ठेवायचं कारण उरत नाही.

कालगणनेचं गणित एकदा बसवून टाकलं की पुढे खूप त्रास वाचतो. आमचा चंद्र 41 दिवसांचा आणि वर्षात नऊ चंद्र, म्हणजे 369 दिवस. महिना मात्र चाळीसच दिवसांचा मोजतात. प्रत्येक चंद्रातला एकेक दिवस सावकाराचा म्हणून बाजूला राहतो आणि नऊ दिवस वर्षअखेरीस एकत्र येतात. वर्ष अमावास्येला सुरू होत असल्यानं हे नऊ दिवस बरोबर वद्य पक्षाच्या शेवटी पडतात. तेव्हा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो आणि कोर बारीक होत जाते. म्हणून या दिवसांतल्या कुठल्याही प्रसंगात संध्याकाळी चांदणं लिहायचं नाही. आणखी एक परिणाम असा की महिन्याची पहिली तारीख आणि अमावास्या यांत दर महिन्याला एका दिवसाचं अंतर पडत जातं. नवव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी अमावास्या अजून आठ दिवस लांब असते. हा तक्ता भिंतीवर लावून ठेवावा. नाहीतर एका प्रकरणात "नवव्याची पहिली, काळोखी रात्र" असं लिहिलं जातं आणि तिथं पहाटे कोर दिसायला हवी असते.

मोठ्या संख्यांचा मोह मात्र टाळलेला बरा. पुराणांतलं कल्प 432 कोटी वर्षांचं आहे आणि तिथं ते शोभतं, कारण त्याच्याभोवती युगं, मन्वंतरं असा सगळा पसारा आहे. चार खंडांच्या कथेत पात्रांना हवी असते ती सात पिढ्यांची आठवण. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर पावणेदोनशे वर्षं. त्यापलीकडचं सगळं "थोरलीच्या वेळचं".

भाषेचा भाग आम्हाला सर्वांत जवळचा. सृष्टिकथा कादंबरीच्या गद्यात लिहिली की ती लेखकानं सांगितलेली वाटते, लोकांनी नव्हे. मराठीत कथा तोंडी टिकवण्याचे साचे तयार आहेत: श्रावणातल्या कहाणीचा, जात्यावरच्या ओवीचा, अभंगाचा. तळकऱ्यांना आम्ही मोठ्या अभंगाचं माप दिलं. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक.

उन्हाच्या डोळ्याला । नव्हती पापणी ।
नव्हते गा पाणी । ना सावली ॥

घारीने पंखांची । केली गा ओसरी ।
ओल तळावरी । धरी बीज ॥

सावलीचे ऋण । फेडा नऊ दिशी ।
शत्रूही ये पाशी । जागा द्यावी ॥

"गा" हा भरीचा शब्द एका कडव्यात एकदाच. दुसऱ्यांदा आला की नक्कल उघडी पडते. अक्षरं मोजताना जोडाक्षर एकच धरायचं, "उन्हाच्या" हे तीन अक्षरी. चौथा चरण आखूड असल्यामुळे त्यात क्रियापद किंवा नकार ठेवला तर कडवं ठामपणे संपतं. विशेषण ठेवलं तर लोंबकळतं.

किल्ल्याची कथा दरबारी, सनदेच्या भाषेत: "सबब कातळ मजकूर हा थोरलीचे पक्षाचा असोन". खाणीवरची म्हातारी पूर्वेकडच्या बोलीत ऐकवते: "कोणी म्हणते मेली, कोणी म्हणते उडून रायली. आमाले काय करा लागते बाप्पा? पायाखाली काय हाय थे पाहा ना." एकाच प्रसंगाची तीन रूपं अशी भाषेनंच वेगळी झाली की "तळकऱ्यांच्या परंपरेनुसार" वगैरे निवेदन गाळता येतं.

नावांना विभक्तीची कसोटी लावावी. नाव घेऊन त्याला ला, ने, चा, हून लावायचं, हाक मारून पाहायची, शिवी देऊन पाहायची. व्यंजनांचा खडखडाट करून बनवलेली नावं दुसऱ्याच प्रत्ययाला अडखळतात. "तमसासुर" छापाची संस्कृत नावं आपल्याबरोबर अख्खं पुराण घेऊन येतात आणि वाचक त्यात आपल्या कथेऐवजी तेच शोधू लागतो. थोरली, सावकार, काळकोट हे रोजचे शब्द आहेत, म्हणून ते शपथेतही बसतात: "थोरलीची आण", "सावकार बघतोय". एकाच प्रकरणात येणाऱ्या दोन नावांचं पहिलं अक्षर सारखं ठेवू नये, मोबाइलवर वाचणारा हमखास गोंधळतो.

मालिकेत हे किती दाखवायचं? तीन कथा, अभंग, मूळ पान आणि रिवाजांचा तक्ता मिळून आमचा ऐवज सहा हजार शब्दांच्या आसपास आहे. पहिल्या खंडात त्यातले नऊशेपेक्षा जास्त येऊ द्यायचे नाहीत आणि एका जागी सलग दीडशेपेक्षा जास्त नाहीत. अभंगाचं दुसरं कडवं पहिल्या खंडात लग्नाच्या मांडवात ऐकू येतं, पहिलं दुसऱ्या खंडात अंत्यविधीला, तिसरं खुनाच्या न्यायनिवाड्यात पुरावा म्हणून. उत्पत्तीची कथा प्रस्तावनेसारखी आरंभी सलग घातली तर वाचक ती ओलांडून जातो, कारण त्याला अजून त्या जगातल्या एकाही माणसाची काळजी नसते. प्रत्येक मिथकप्रसंगाची पाच ठिकाणी खूण उरली पाहिजे, असं तक्त्यात बघतो: एक जागा, एक शपथ, एक खाण्याचा निषेध, एक नात्यातली रीत आणि एक भीती. शंखांच्या प्रसंगाला खाण्याचा रकाना रिकामा होता, म्हणून तळकरी गोगलगाय खात नाहीत.

मुखपृष्ठ आणि आतली चित्रं काढणाऱ्याला वेगळा कागद द्यावा लागतो. जप्तीच्या दुपारची चित्रं असतील तर माणसांच्या, झाडांच्या, बैलगाडीच्या कडेला सावली लांबलेली नको. ती थेट खाली, पायांशी, गाडीच्या तळाखाली. नाकाची सावली वरच्या ओठावर पडेल, भुवयांची डोळ्यांच्या खोबणीत. चिंचेखाली मात्र सावलीचं गोल रिंगण राहील आणि ते बरोबर फांद्यांच्या घेराएवढं असेल. खुनाच्या प्रसंगात प्रेताचे पाय त्या रिंगणाच्या आत आहेत की बाहेर, यावर न्यायनिवाडा ठरतो, तेव्हा ते माप मजकुरात आणि चित्रात एकच हवं: बुंध्यापासून अकरा हात.